निलंबित गनमॅन

फौजेतून हवालदार म्हणून परत आलेल्या माणसाला आमच्या मराठवाड्यात जाणती मंडळी पहिला सल्ला देतात तो बाराबोरच्या परवान्याचा. शेती कोरडवाहू, पेन्शन बेताची आणि वय जेमतेम चाळिशीचं. परवाना आणि बंदूक असली की बँकेच्या दारात, कॅश व्हॅनवर नाहीतर सराफाच्या पेढीवर ‘गनमॅन’ म्हणून उभं राहता येतं. बंदूक नसली तर तोच माणूस ‘वॉचमन’ होतो. उंची तीच, वर्दी जवळपास तीच, उभं राहायचे तासही तेच. पगार मात्र वेगळा आणि लोकांचं बोलणंही वेगळं. गनमॅनला मॅनेजर “चहा घेता का?” विचारतो, वॉचमनला चहा आणायला पाठवतो.

छत्रपती संभाजीनगरात मी ही दोन्ही कामं केली. आधी गनमॅन, मग वॉचमन, मग पुन्हा गनमॅन. मधल्या काळात माझा परवाना निलंबित होता आणि बंदूक पोलीस ठाण्यात पडून होती. मी कुणावर ती रोखली नव्हती, दारू पिऊन धिंगाणा घातला नव्हता. मी आजारी पडलो होतो, एवढंच. बंदूक का गेली, कशी परत आली, आणि माझ्यामागून ज्यांच्यावर हीच वेळ आली त्यांच्या कागदांत मी काय पाहिलं, ते लिहितो. माणसांची, बँकेची, दवाखान्याची, ठाण्याची नावं लिहीत नाही. तशी वेळ कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत येऊ शकते.

मे २०२२. ब्लडप्रेशरची गोळी बदलून लघवी वाढवणारी दिली होती. प्रेशर म्हणून घरात मीठही कमी केलेलं. वर उन्हाळा, त्यामुळे मी बाटल्यांमागून बाटल्या पाणी पीत होतो. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी शहाणपणाच्याच वाटत होत्या. पण तिन्ही मिळून रक्तातलं सोडियम उतरत गेलं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. माझं ११२ वर आलं होतं. डोकं जड वाटत होतं, मळमळत होतं, पाय उचलत नव्हते. ऊन लागलं असेल म्हणून मी ड्यूटीवर गेलो आणि बँकेच्या दारातच झटके येऊन कोसळलो.

बंदूक शेजारी पडली. दुनळीच्या दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. सेफ्टी लावलेली होती, पण जुन्या बंदुका आपटून उडाल्याचे किस्से फौजेत मी पुष्कळ ऐकलेत. दारात पेन्शनची रांग होती. काही झालं नाही, हे त्या रांगेचं नशीब.

दवाखान्यात मी मनाने दवाखान्यात नव्हतोच, चौकीवर होतो. सलाईन लावायला आलेल्या मुलाला म्हणे मी “थम, कौन आता है?” म्हणून दरडावलं आणि त्याचा हात पिरगाळला. सोडियम एकदम चढवता येत नाही. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते थेंबाथेंबाने चढवतात. तोवर भ्रम राहतो. सोडियम वर आलं तसा मीही जागेवर आलो. त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, “काका, चालायचंच.”

पण तोवर कागद तयार झाले होते. बँकेने कळवल्यावर पोलीस आले, पंचनामा झाला, बंदूक आणि काडतुसं ठाण्यात गेली. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर वरच्या दोन ओळींत झटके, भ्रम आणि हिंसक वर्तन होतं. सोडियमचा आकडा मागे जोडलेल्या लॅबच्या कागदावर, बारीक अक्षरात. ठाण्याच्या अहवालात वरच्या दोन ओळीच उतरल्या आणि तिथे त्यांचं वाक्य झालं: ‘मानसिक संतुलन बिघडल्याने’. मग कारणे दाखवा नोटीस आली आणि पाठोपाठ निलंबनाचा आदेश.

बंदूक उचलून नेली याचा तेव्हा मला भयंकर राग होता. आज नाही. ज्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही, त्याच्या हाताशी बंदूक ठेवायची नसते. फौजेतही तेच करतात. जवान आजारी पडला की त्याची रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा होते आणि त्याची मेडिकल कॅटेगरी उतरते. मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे या पाच अंगांनी तपासणी होते, तिला ‘शेप’ म्हणतात. सगळं ठीक तो शेप-वन. एखादं अंग कमी पडलं तर ठरावीक मुदतीसाठी खालची कॅटेगरी मिळते आणि मुदत संपली की पुन्हा बोर्ड बसतो. जवानाला तारीख माहीत असते. त्या तारखेला तो डॉक्टरांपुढे उभा राहतो आणि निकाल लागतो.

नागरी आयुष्यात मला ती तारीख कुणी दिली नाही. बंदूक घ्यायला एक सकाळ पुरली. ती परत कधी, कुणी, काय तपासून द्यायची, याचा ठरलेला रस्ता मला कुठल्याही खिडकीवर दिसला नाही. प्रत्येक जण सभ्यपणे दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवत होता.

त्यात माझी आणखी एक गंमत होती. शहरात शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. माझं घर कन्नड तालुक्यात, म्हणून परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा. मी पडलो शहरात, म्हणून बंदूक आयुक्तालयाच्या हद्दीतल्या ठाण्यात. बंदूक एकीकडे आणि ती सोडायचा अधिकार दुसरीकडे. मधला प्रवास कागदांनी करायचा आणि कागदांच्या मागे मी.

अदालत रोडवर बसणारे एक जुने वकील मला गाववाल्याच्या ओळखीने भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला सुचलाच नव्हता. “हवालदार, बंदूक जप्त झालीय की जमा?” मला वाटलं, गेली ती गेली. त्यांनी पंचनामा मागवून वाचला आणि समजावलं. संशयास्पद मालमत्ता किंवा गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून पोलिसांनी ती जप्त केली असेल, तर सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ आणि ४५७ खाली चालायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ आणि ५०३ खाली. पण परवाना निलंबित झाला म्हणून शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती जमा असेल, तर कोर्टाचं काम नाही. परवाना पूर्ववत झाला की बंदूक मिळते. माझ्यावर गुन्हा नव्हताच. बंदूक जमा होती. हे कळलं नसतं तर मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसलो असतो.

त्याच कलमात आणखी एक सोय आहे. शस्त्र ठाण्यातच ठेवलं पाहिजे असं नाही, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा ठेवता येतं. तो महिन्याचं भाडं घेतो, पण नळीला तेल लागतं. मला हे कळेपर्यंत एक पावसाळा उलटला होता. बंदूक हाती आली तेव्हा उजव्या नळीत तांबूस डाग पडले होते.

नोटिशीला उत्तर म्हणून मी लांबलचक अर्ज लिहून नेला होता. कुठल्या सेक्टरला होतो, कुठली पदकं मिळाली, एकही शिक्षा नाही. वकिलांनी तो बाजूला ठेवला. “तुम्ही चांगले आहात का, हे त्यांनी विचारलेलंच नाही. तुम्ही बरे आहात का, हे विचारलंय.” मग एका पानाचं उत्तर झालं: काय घडलं, कशाने घडलं, ते कारण आता कसं नाही, आणि त्याचा पुरावा. त्यांनी शस्त्र कायद्याचं कलम १७ माझ्यासमोर उघडं ठेवलं. परवाना निलंबित करता येतो तो ठरावीक मुदतीसाठी. कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितली तर सर्वसाधारणपणे द्यावी लागतात. कलम १८ खाली अपील आहे आणि त्याला ३० दिवसांची मुदत आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे जायचं, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे, म्हणजे गृह विभागाकडे. आम्ही अपिलाची तारीख चुकू दिली नाही, पण त्याआधीच पुनर्विचाराचा अर्जही दिला.

पुराव्याची गोष्ट मात्र अवघड निघाली. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्यासाठी शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. अर्जदार नशेच्या आहारी नाही, याचा त्यात वेगळा उल्लेख हवा. साध्या फिटनेससाठी डॉक्टर पटकन सही करतात. ‘बंदूक’ म्हटलं की पेन खाली ठेवतात. एक डॉक्टर स्पष्टच म्हणाले, “तुम्ही फिट आहात हे लिहितो, बंदुकीसाठी फिट आहात हे लिहीत नाही. उद्या काही झालं तर?” दुसऱ्या बाजूला खिडकीवरून सांगितलं जात होतं की पुन्हा कधीही झटका येणार नाही असं लिहून आणा. असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर लिहून देणार नाही. धडधाकट तरुणाबद्दलही नाही. एकाला कायमची हमी हवी होती, दुसऱ्याला कसलीच हमी द्यायची नव्हती, आणि मी मध्ये.

त्या दिवसांत मी एका गृहनिर्माण सोसायटीच्या गेटवर शिट्टी आणि काठी घेऊन उभा होतो. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं काम. माझी बायको मात्र त्या दिवसांत निवांत झोपायची. एकदा म्हणाली, “अहो, राग नका मानू. घरात ती नाही तर मला हलकं वाटतं.” इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. गनमॅनच्या घरातल्यांना बंदुकीबद्दल काय वाटतं, हे मी विचारलंच नव्हतं. अर्ज मागे घ्यावा असंही तेव्हा मनात येऊन गेलं. धाकट्याची फी भरायची होती, म्हणून घेतला नाही. यात शौर्य वगैरे काही नाही.

वाट सापडली ती फौजेच्या बोर्डावरून. गेटवर बसल्याबसल्या विचार केला, हे लोक कायमची हमी मागतात कारण मुदतीची हमी त्यांच्यापुढे कुणी ठेवलीच नाही. फिजिशियनना म्हटलं, “साहेब, जन्मभराचं लिहू नका. आजचं लिहा आणि पुढची तारीख लिहा.” त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी लिहिलं की झटका सोडियम उतरल्यामुळे आला, सोडियम अमुक गोळीमुळे उतरलं, ती गोळी बंद केली आहे, त्यानंतरच्या सगळ्या तपासण्यांत सोडियम ठीक आहे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी. मेंदूरोगतज्ज्ञांनी ईईजी पाहून लिहिलं की तात्कालिक कारणाने आलेला असा झटका म्हणजे फेफऱ्याचा आजार नव्हे. मनोविकारतज्ज्ञांनी तासभर बोलून, कागद भरून घेऊन लिहिलं की तपासणीच्या दिवशी कुठलाही मानसिक आजार दिसत नाही. तिघांनीही आपापल्या विषयापुरतं आणि आपापल्या तारखेपुरतं लिहिलं. एका पत्रात सगळं मागत होतो तोवर एकही मिळालं नव्हतं.

‘मानसिक संतुलन’ या शब्दांवर वकिलांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ३ जोडलं. एखाद्याला मानसिक आजार असल्याचं ठरलं, तरी तेवढ्यावरून तो कायद्याच्या अर्थाने अस्थिर मनाचा ठरत नाही. ते ठरवायचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. पूर्वी मानसिक उपचार झाले होते, हीही बाब विचारात घेता येते, पण नुसत्या तिच्यावर आजचा निष्कर्ष काढता येत नाही. मला तर मानसिक आजारही नव्हता. पण ज्यांना होता त्यांच्यासाठी हे कलम पुढे जास्त उपयोगी पडलं.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी कागद शांतपणे वाचले आणि विचारलं, “पुन्हा तसं वाटायला लागलं तर बंदुकीचं काय कराल?” माझ्या त्या पहिल्या लांबलचक अर्जात ज्याचं उत्तर नव्हतं असा हा प्रश्न. मी म्हणालो, डोकं जड होणं, मळमळ, पाय न उचलणं, ही माझी लक्षणं मला आता माहीत आहेत. त्या दिवशी बंदुकीला हात लावणार नाही, ड्यूटीवर जाणार नाही, रक्त तपासीन आणि गरज पडली तर स्वतः ठाण्यात जमा करीन. त्यांनी ते लिहून घेतलं. सहामाही तपासणीचा अहवाल देण्याच्या अटीवर निलंबन उठलं. मधल्या काळात परवान्याची मुदतही संपत आली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे खरा, पण निलंबनात घड्याळ थांबत नाही, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज वकिलांनी आधीच द्यायला लावला होता.

आदेश घेऊन ठाण्यात गेलो तर तिथे नवीन अडचण. पंचनाम्यात बंदुकीच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट झालेले. परवान्यावर एक नंबर, रजिस्टरला दुसरा. कागदाप्रमाणे माझी बंदूक त्यांच्याकडे नव्हती आणि त्यांच्याकडची बंदूक माझी नव्हती. दुरुस्तीचा अहवाल, पुन्हा पंच, पुन्हा सह्या. परवाना गेला तेव्हा शिक्क्यावर औरंगाबाद होतं. बंदूक हातात पडली तोवर जिल्ह्याचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं होतं.

ही गोष्ट आमच्या लोकांत पसरली आणि माझ्याकडे फायली यायला लागल्या. मी वकील नाही. कागद लावून देतो आणि कुठे जायचं ते सांगतो. त्यातले तीन जण इथे सांगण्यासारखे आहेत.

पहिला कॅश व्हॅनवरचा. अँजिओप्लास्टी झाली. पोलिसांनी त्याला काही विचारलं नाही, एजन्सीने घरी बसवलं. केंद्राच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे रोकड नेणाऱ्या गाडीवर किमान दोन सशस्त्र रक्षक लागतात, एका फेरीत पाच कोटींहून जास्त रोकड नेता येत नाही, आणि एटीएममध्ये पैसे भरणं शहरात रात्री नऊनंतर, ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर बंद ठेवावं लागतं. त्या गाडीत छातीत कळ आलेला रक्षक म्हणजे सगळ्यांनाच धोका. त्याला मी गाडीचा हट्ट सोडायला सांगितलं. परवाना शाबूत होता; सराफाच्या पेढीवर त्याला जागा मिळाली.

दुसरा, पत्नी गेल्यावर खचलेला. जेवण तुटलं, झोप तुटली. त्याने स्वतःच ठाण्यात अर्ज दिला की माझी मनःस्थिती ठीक नाही, बंदूक जमा करून घ्या. अर्जाची पोच घेतली आणि उपचार सुरू केले. बरा झाल्यावर डॉक्टरांचं पत्र जोडून परत मागितली. त्याची फाइल माझ्या निम्म्या वेळात निकाली निघाली. ज्याने स्वतः बंदूक आणून दिली, त्याला ती परत देताना साहेबाचा हात कचरत नाही. आमच्यात असं जमा करणं म्हणजे नामर्दपणा समजतात. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात हिमतीचं काम त्याचंच.

तिसरा शेतकरी. रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात म्हणून वडिलोपार्जित बंदूक ठेवलेली. त्याला खराखुरा फेफऱ्याचा आजार, गोळ्या चुकवायची सवय. माझं सुटलं म्हणून माझंही सोडवा, असा त्याचा आग्रह. मी नाही म्हणालो. नियमांत वेगळी वाट आहे: परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाही वारसाला परवाना मिळू शकतो. त्याला २५ वर्षं कधीच होऊन गेली होती. मुलाच्या नावाने अर्ज करायला लावला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

सगळ्यांना परत मिळालीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की आजारपणात बंदूक घेताना त्याच आदेशात पुन्हा तपासणीची तारीख लिहावी, आणि तपासणी कुणाकडे, कुठल्या कागदांवर, तेही लिहावं. फौजेला हे जमतं, जिल्ह्याला न जमायला काही कारण नाही. तारीख माहीत असली तर लोक आजार लपवणार नाहीत, आणि लपवलेला आजारच बंदुकीसोबत सगळ्यात धोक्याचा.

परवाना असलेल्यांना सांगणं असं. परवाना, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा हिशेब यांच्या प्रती घरच्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड वाचा आणि आजाराचं कारण वरच्या ओळीत लिहून घ्या. पंचनाम्यातला नंबर तिथल्या तिथे ताडून पाहा. आदेशावरची तारीख पाहा, अपिलाचे दिवस तिथून मोजा. आणि ज्या दिवशी डोकं जड वाटत असेल त्या दिवशी बंदूक घेऊन निघू नका. एका दिवसाचा खाडा परवडतो.